स्टीलच्या ब्रेक लाइन टाकायच्या का? आधी पेडल काय सांगतंय ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, रुंद टायर टाकलेली, नाशिकहून चालवत कोइंबतूरला करी स्पीडवेच्या रेस ट्रॅकला दोनदा जाऊन आलास, पाच-सहा लॅप झाले की पेडल मऊ पडतं आणि खाली जातं, अर्धा तास गाडी थंड केली की थोडं बरं होतं पण पहिल्यासारखं होत नाही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही. मित्र म्हणतो चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या, म्हणजे होज, काढून स्टेनलेस स्टीलच्या लाइन टाक, आणि अंबडला एक हायड्रॉलिक होजवाला रेडिमेड किटच्या तिसऱ्या हिश्शात चारही लाइन बनवून द्यायला तयार आहे. तर टाकू का?

अंबडच्या दुकानातून बनवून टाकू नकोस, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे देतो. आणि चांगल्या कंपनीच्या आणून टाकल्यास तरी तुझा हा त्रास जाणार नाही. तू जे लिहिलंयस ना, लॅप वाढतील तसं पेडल मऊ, थंड झाल्यावर अर्धवट परत, ते होजचं लक्षण नाहीच. ते ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण आहे.

सातपूरला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली, सुरुवात रॅलीच्या एस्टीम आणि जिप्सीपासून केली आणि आता निम्मं काम ट्रॅकला जाणाऱ्या गाड्यांचं असतं. स्टीलच्या लाइन मी किती गाड्यांना टाकल्या त्याचा हिशोब ठेवलेला नाही, पण एवढं नक्की सांगतो की त्या मागायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरं तर दुसरंच काहीतरी हवं असतं. ब्रेकचा त्रास म्हटला की सगळे एकाच शब्दात सांगतात, "ब्रेक लागत नाही", आणि त्या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळे आजार असतात ज्यांची औषधं एकमेकांना चालत नाहीत.

म्हणून आधी पेडल काय सांगतंय ते बघायला शिक. पेडल दगडासारखं कडक आहे, पाय रोवून दाबतोयस, पण गाडी थांबायला तयार नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड गेले. साधे रस्त्याचे पॅड तीन-साडेतीनशे डिग्रीच्या पुढे गेले की पकड सोडायला लागतात, कसाऱ्याच्या घाटात उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी खाली आणणाऱ्यांना हेच होतं. पेडल मऊ आहे, स्पंजसारखं दबतं, दोनदा पंप केलं की जरा वर येतं, तर सिस्टिममध्ये हवा आहे किंवा ऑइल उकळून वाफ झालीय. सरळ रस्त्यावर काही न करता चाललास, कॉर्नरला पहिल्यांदा दाबलं तर पेडल खोल गेलं, दुसऱ्यांदा दाबलं तर एकदम बरोबर, तर ते पॅड मागे ढकलले जाण्याचं काम आहे, हब बेअरिंगला प्ले म्हणजे ढिलेपणा असतो किंवा डिस्क वाकडी असते आणि ती पॅडना आत ढकलते. सिग्नलला उभा आहेस, पेडल एकसारखं दाबून धरलंय आणि ते हळूहळू खाली बसत चाललंय, तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलवर दाब देणाऱ्या भागाच्या, आतलं सील ऑइल मागे सोडतंय, ती गाडी ट्रॅकला तर सोडच, भाजी आणायलाही नेऊ नकोस. आणि पेडल थंड असताना, गरम असताना, कायम लांबच आहे पण मऊ नाही, तर आपल्याकडच्या हॅचबॅकमध्ये पहिल्यांदा मागचे ड्रम उघडायचे. मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिले की पेडलचा निम्मा प्रवास नुसते ते लायनर ड्रमला टेकवण्यात जातो. लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारा ॲडजस्टर आपोआप काम करायला हवा पण धुळीने जाम होतो, आणि कोणीतरी आधी हँडब्रेकची केबल ओढून ठेवलेली असेल तर तो कामच करत नाही. तुझ्या स्विफ्टला मागे ड्रम आहेत म्हणून सांगतोय, अर्ध्या तासाचं काम आहे आणि पेडलमध्ये जो फरक पडतो तो बघून लोकांचा विश्वास बसत नाही.

आता या सगळ्यात होजचा आजार कुठे बसतो? होज फुगत असेल तर पेडल पहिल्या दाबापासून, गार गाडीतही, तसंच असतं. पहिल्या लॅपला बरं आणि सहाव्या लॅपला वाईट असं होज सहसा करत नाही. गरम झाल्यावर रबर थोडं जास्त मऊ पडतं हे खरं, पण पेडल खाली जाण्याइतकं नाही.

ऑइल का उकळतं त्याचा हिशोब सांगतो म्हणजे डोक्यात राहील. गाडी आणि तू मिळून एक हजार किलोच्या आसपास धर. ताशी १२० वरून ६० वर आणायला ब्रेकला साधारण ४१५ किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तेवढ्यात सव्वा लिटर गार पाणी उकळीला येतं. हे एका ब्रेकला, एका कॉर्नरला. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, म्हणजे श्वास घ्यायला जागाच नाही, एक कॉर्नर संपला की दुसरा समोर, आणि त्या उष्णतेतला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क आणि पॅडच्या वाट्याला येतो. तिथून ती पॅडच्या पाठीतून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनमध्ये, पिस्टनमधून ऑइलमध्ये. रस्त्यावर तू एकदा जोरात ब्रेक मारतोस आणि मग पाच मिनिटं गाडी चालते, डिस्कला वारा मिळतो. ट्रॅकवर ती पाच मिनिटं मिळतच नाहीत.

आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ही त्याची जातच आहे. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकोल जातीची, टाकीच्या झाकणाच्या बारीक भोकातून, रबरी होजच्या भिंतीतून ओल आत येते. डॉट ४ च्या स्टँडर्डमध्ये कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० डिग्री हवा, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान फक्त १५५ डिग्री धरलाय. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. आपल्याकडचा पावसाळा धर, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत अशी हवा, गाडी उघड्यावर उभी, आणि तू म्हणतोस ऑइल कधी बदललं आठवत नाही. मग कॅलिपरमध्ये ऑइलला उकळी फुटणार यात नवल काय. ऑइल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पेडल खाली जातं. थंड झालं की बरीचशी वाफ परत ऑइल होते पण सगळं पहिल्यासारखं बसत नाही, म्हणून तुझं पेडल अर्धवटच परत आलं. आणि तशाच पेडलवर तू कोइंबतूरहून चौदाशे किलोमीटर घरी आलास, हे वाचताना मला खरंच काळजी वाटली. यापुढे ट्रॅकवर पेडल मऊ पडलं की त्या दिवसाचे लॅप संपले असं समज, आणि हवा काढून पेडल कडक झाल्याशिवाय हायवेला गाडी घालू नकोस.

तर तुझ्यासाठी पहिलं काम हे की पूर्ण ऑइल बदल, नुसतं वरून टाकीत भरायचं नाही, चारही चाकांतून जुनं निघून नवीन येईपर्यंत. ट्रॅकसाठी कोरा उत्कलनबिंदू ३०० डिग्रीच्या वर असलेलं रेसिंगचं ऑइल मिळतं, ते घे. फक्त ते दोन वर्षं विसरायचं ऑइल नाही, मी ट्रॅकच्या गाड्यांत प्रत्येक इव्हेंटच्या आधी पुढच्या दोन चाकांतून थोडं काढून टाकतो आणि वर्षातून एकदा पूर्ण बदलतो. आणि बाटलीवर डॉट ५ लिहिलेलं असेल, ५.१ नाही, नुसतं ५, तर ते सिलिकॉनचं असतं, ग्लायकोलमध्ये मिसळत नाही, ते तुझ्या गाडीत घालायचं नाही. दुसरं काम पुढचे पॅड, तापमान सोसणारे. तिसरं, मागचे ड्रम. एवढं करून एकदा ट्रॅकला जाऊन ये आणि मग लाइनचं बोलू, कारण त्यानंतर पेडल शेवटच्या लॅपपर्यंत सारखं राहिलं तर तुला कळेल की रोग कुठे होता.

आता मूळ विषयावर येतो, कारण स्टीलच्या लाइन वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, माझ्या स्वतःच्या गाडीला आहेत. त्या काय करतात तेवढं नीट समजून घे. रबरी होजमध्ये आत रबर, मध्ये धाग्याचं विणकाम, वर परत रबर. आतलं प्रेशर वाढलं की तो थोडासा फुगतो. स्टीलच्या लाइनमध्ये आत टेफ्लॉन म्हणजे पीटीएफईची नळी असते आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची घट्ट विणलेली जाळी, ती नळीला फुगू देत नाही. बास, एवढंच काम. आता त्याचा पेडलला किती फरक पडतो बघ. समजा मास्टर सिलिंडरचा बोअर २०.६ मिलिमीटर आहे, म्हणजे ३३३ चौरस मिलिमीटरचं तोंड. चारही होज मिळून एक सीसी फुगले तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन ३ मिलिमीटर जास्त सरकतो, आणि पेडलचं गुणोत्तर ४ धरलं, म्हणजे पिस्टनच्या चौपट पाय सरकतो असं धरलं, तर तुझा पाय १२ मिलिमीटर जास्त खाली जातो. बारा मिलिमीटर म्हणजे पायाला चांगलंच जाणवेल एवढं. हाच प्रवास स्टीलच्या लाइन कमी करतात, पेडल लवकर आणि कडक लागतं, आणि चाक लॉक व्हायच्या अगदी काठावर ब्रेक धरून कॉर्नरमध्ये शिरताना पाय हळूहळू सोडायचा असतो ना, तिथे त्याची किंमत कळते. पाय आणि कॅलिपरमधला निरोप स्वच्छ पोचतो. पण गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. होज कोणताही असो, चाक लॉक करण्याइतकं प्रेशर तुझ्या स्विफ्टमध्ये आताही मिळतं, त्यामुळे थांबण्याचं अंतर लाइनमुळे कमी होतं असं कोणी सांगितलं तर तसं होत नाही. उष्णता तर त्या एका डिग्रीनेही कमी करत नाहीत.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. तुझी गाडी २०१४ ची, होज बहुतेक कंपनीतून आलेलेच असतील. इतकी वर्षं उन्हातान्हात राहिलेला रबरी होज आणि स्टीलची लाइन यांची तुलना करून लोक म्हणतात बघा केवढा फरक पडला, पण त्यातला बराचसा फरक जुना होज गेला याचाच असतो. मी कित्येक जणांना आधी कंपनीचे नवे कोरे रबरी होज टाकून दिलेत आणि निम्मे तिथेच खूश होऊन गेले. जुना होज आतून सुजतो, बाहेरून काही दिसत नाही, ऑइल दाबाने पुढे जातं पण परत यायला अडतं, मग ते चाक ब्रेक धरूनच राहतं आणि एक डिस्क बाकीच्यांपेक्षा जास्त तापते. ट्रॅकवरून आल्या आल्या चारही चाकांजवळ हात धर, टेकवू नकोस, एक बाजू फार तापलेली वाटली तर आधी कॅलिपरच्या पिना आणि होज बघ.

आता अंबडच्या दुकानाबद्दल. त्या लोकांना मी नावं ठेवत नाही. आपल्या अंबड-सातपूरला हायड्रॉलिकचं काम करणारी माणसं आपल्या कामात पक्की आहेत, जेसीबीचा होज फुटला की अर्ध्या तासात बनवून देतात, निफाड-पिंपळगावचे ट्रॅक्टर, फवारणीचे ब्लोअर, एमआयडीसीतल्या प्रेस, सगळं त्यांच्यावर चालतं. पण त्यांचं रोजचं काम खनिज तेलाचं आहे. त्या तेलाला चालणारं रबर नायट्राइल जातीचं, ते ब्रेक ऑइलमध्ये सुजतं आणि मऊ पडतं. ब्रेकमध्ये ईपीडीएम रबर लागतं, आणि ते उलट खनिज तेलात सुजतं. म्हणून तर ब्रेकच्या टाकीत चुकून कोणी इंजिन ऑइल ओतलं की मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकापर्यंत सगळी रबरं बदलायची वेळ येते. दुकानदार म्हणेल आमच्याकडे टेफ्लॉनचा होजही आहे, केमिकल प्लांटला देतो, आणि ते खरंही असेल. पण ब्रेकची लाइन नुसती दाब सोसून भागत नाही. ती प्रत्येक खड्ड्याला वरखाली होते, प्रत्येक वळणाला डावी-उजवी होते, आणि नेहमी तुटते ती मध्ये नाही, क्रिम्पच्या, म्हणजे धातूचं टोक होजवर दाबून बसवतात त्या जोडाच्या, तोंडाशी, जिथे लवचिक भाग संपतो आणि कडक सुरू होतो तिथे.

ब्रेक होजचं जे अमेरिकन स्टँडर्ड आहे, एफएमव्हीएसएस १०६, त्यात होजला ४००० पीएसआय दाबाखाली दोन मिनिटं धरतात, आणि वेगळ्या मशीनवर ३५ तास सलग हलवत ठेवतात, आतमध्ये दाब असताना. या हलवण्याच्या टेस्टमध्येच क्रिम्पचा खरा कस लागतो. आपल्याकडे ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ आहे. होजवर डॉट छापलेलं असतं ते याच टेस्टचं, ऑइलच्या डॉट ४ शी त्याचा संबंध एवढाच की दोन्हीकडचा डॉट म्हणजे अमेरिकेचं तेच वाहतूक खातं. अंबडच्या दुकानात दाब चेक करायचा पंप असेल, पण पस्तीस तास हलवून बघायचं मशीन नसणार. जेसीबीचा होज फुटला तर बकेट खाली येते आणि काम थांबतं. तुझा फुटला तर तू कुठे असशील याचा विचार कर. त्यामुळे लाइन घ्यायचीच तर ज्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि स्टँडर्ड छापलंय, जिची टोकं कारखान्यात क्रिम्प झालीत, आणि जाळीवर प्लॅस्टिकचं आवरण आहे अशीच घे. नुसती चमकणारी उघडी जाळी छान दिसते पण आपल्या धुळीत तिच्यात बारीक रेती शिरते आणि जाळी नि टेफ्लॉनच्या मध्ये बसून आतली नळी घासत राहते, बाहेरून काहीच कळत नाही.

टोकांचं प्रकरण तर याहून नाजूक. तुझ्या स्विफ्टसारख्या जपानी घराण्याच्या गाडीत बॉडीच्या बाजूला जो लोखंडी पाइप येतो त्याचं टोक डबल फ्लेअरचं (फ्लेअर म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड), आणि युरोपियन गाड्यांत, पोलो वगैरे, बबल फ्लेअरचं. दोन्हीकडे आटे बहुतेक एम १० बाय १.० च असतात, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यात हाताने आरामात फिरतो आणि बसलाय असं वाटतं. पण आतली बैठक वेगळी असते. मागे माझ्याकडे एक पोलो आली होती, लाइन बाहेरून कुठूनतरी टाकून घेतलेल्या, ऑइल पाझरत होतं म्हणून कोणीतरी नट परत परत आवळलेला. खालचा रंग ऑइलने सोलून निघालेला आणि कंपनीच्या पाइपचं फ्लेअर चेपून गेलेलं. लाइन तर बदललीच, पण तो अख्खा पाइप नवीन टाकावा लागला. एएन टोकांची रेसिंग लाइन घेतलीस तर तिची बैठक ३७ डिग्रीची, गाड्यांच्या डबल फ्लेअरची ४५ ची, तिथेही ॲडॅप्टरशिवाय जोडायचं नाही. तुझ्या मॉडेलचं आणि सालाचं नाव घालून बनवलेलं किट घेतलं तर ही सगळी भानगड राहत नाही.

बसवताना कॅलिपरच्या टोकाला बँजो बोल्ट येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर, आणि ते दरवेळी नवीन. जुना वॉशर एकदा चेपला की परत तसा चेपत नाही. टॉर्क पाना लाव, मॅन्युअलमधला आकडा धर, हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस, बँजो बोल्ट आतून पोकळ असतो आणि जास्त आवळला तर तुटतो. वरच्या टोकाला फ्लेअर नटचा खास पाना मिळतो तोच वापर, साध्या पान्याने इतक्या वर्षांचा नट गोल होणार म्हणजे होणारच, आदल्या दिवशी गंज सुटायचं स्प्रे मारून ठेव. लाइनला पीळ पडता कामा नये. काही लाइनवर लांब सरळ रेघ असते ती त्यासाठीच, बसवल्यावर रेघ सरळ दिसली पाहिजे.

आणि मग जे बहुतेक जण करत नाहीत ते. गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं खाली लोंबलेली असतात, त्या स्थितीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायचं की लाइन ताणली जात नाही ना, आणि नंतर चाकाखाली जॅक लावून सस्पेन्शन पूर्ण वर दाबून परत दोन्हीकडे फिरवून बघायचं. मी स्वतः हे एकदा अर्धंच केलं होतं. बरीच वर्षं झाली, रॅलीची गाडी, रात्री उशिरापर्यंत काम चाललेलं, लोंबत्या चाकावर बघितलं, ठीक वाटलं, सोडून दिली. सस्पेन्शन पूर्ण दबून स्टिअरिंग पूर्ण वळलं की लाइन एबीएस सेन्सरच्या वायरला घासत होती. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला म्हणून बघितलं तर वायर कापली गेलेली. ही जाळी करवतीसारखी असते, वायर, सीव्ही बूट, टायरची आतली भिंत, ज्याला घासेल ते कापते, आणि त्या दिवशी वायरऐवजी टायर असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तेव्हापासून माझ्याकडे लाइन टाकलेली एकही गाडी चाक पूर्ण वर दाबून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. तू रुंद टायर टाकलेत म्हणतोस, तर तुला तर हे अजून जास्त लागू आहे. कंपनीच्या होजला स्ट्रटवर जिथे ब्रॅकेट असतं तिथेच नवी लाइन रबरी बुश घालून पकडायची, केबल टायने स्प्रिंगला बांधायची नाही.

हवा काढायच्या वेळी एक युक्ती सांगतो. होज खोलायच्या आधी पेडल थोडंसं दाबून सीटला काठी टेकवून तसंच अडकवून ठेव, इंचभर पुरे. त्याने मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडचं भोक बंद होतं आणि होज सुटला तरी टाकी रिकामी होत नाही. टाकी रिकामी झाली आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत स्कॅनर लावून ते युनिट चालवल्याशिवाय हवा निघतच नाही, आणि मग लोक म्हणतात नवीन लाइन टाकून पेडल आधीपेक्षा मऊ झालं. चाकांचा क्रम सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घे, कारण अशा छोट्या गाड्यांत सर्किट तिरकं असतं, पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र. दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलवर, निपल बंद केल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. पेडलवाल्याला सांगून ठेव की पूर्ण तळाला नेऊ नकोस, पायाखाली लाकडाचा तुकडा ठेवला तर उत्तम. जुन्या मास्टर सिलिंडरच्या खालच्या भागात सील कधी गेलेलंच नसतं, तिथे गंजाचा थर असतो, एकदा तिथे घासलं की सील फाटतं. बाटलीत उरलेलं उघडं ऑइल पुढच्या वेळी वापरायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी.

सगळं झालं की इंजिन चालू करून पेडल पूर्ण जोर लावून मिनिटभर धरून ठेव आणि दुसऱ्या माणसाला चारही लाइनची दोन्ही टोकं कोरड्या टिश्यूने पुसायला सांग. टिश्यू ओला झाला तर परत खोल. मग आधी सोसायटीच्या आवारात, मग गंगापूर रोडला पहाटे मोकळा रस्ता असताना हळू स्पीडला, मग परत लिफ्टवर. ट्रॅकला निघायच्या आदल्या दिवशी आणि ट्रॅकवरून आल्यावर लाइनवरून बोट फिरवून बघायची सवय लाव, जाळीची एक जरी तार तुटून टोचली, आवरण कुठे फुगलं, क्रिम्पजवळ ओल दिसली, तर ती लाइन गेली समज. रबरी होजला मरायच्या आधी चिरा पडतात, तो सांगून जातो. स्टीलची लाइन तेवढं सांगत नाही, म्हणून मी त्या चार-पाच वर्षांनी न फुटताच काढून टाकतो. आणि इन्शुरन्सवाल्याला बदल कळवून ठेव, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

तर तुझ्या बाबतीत माझं मत असं की आत्ता ऑइल, पॅड, मागचे ड्रम आणि चार नवे कंपनीचे रबरी होज, एवढं करून पुढच्या ट्रॅक डेला जा. पाच-सहा नाही, दहा-बारा लॅप झाल्यावर पेडल कसं लागतं ते लिहून ठेव, कितव्या लॅपला काय झालं तेही. त्यानंतरही तुला वाटलं की पेडल अजून कडक हवं, ब्रेक सोडताना अजून बारकाईने कळायला हवं, तर किट मागव आणि गाडी घेऊन ये, सकाळी आलास तर संध्याकाळपर्यंत होईल. तेव्हा निघालेले ते चार रबरी होज जवळजवळ कोरेच असतील. तोंडं झाकून, पिशवीत बांधून, सोबत नवे तांब्याचे वॉशर आणि ऑइलची एक सीलबंद बाटली, डिकीत टाकून ठेव. कोइंबतूरला रविवारी संध्याकाळी लाइन गेली तर तुझ्या किटची लाइन तिथे कुठल्याच दुकानात मिळणार नाही, आणि हे होज तासाभरात लावून तुला घरी येता येईल.